लग्नाचा व्हिडिओ उजळताना

लग्न पार पडते, पाहुणे पांगतात आणि एका रात्री जेवणे आटोपून सारे घर व्हिडिओ पाहायला बसते. सीमांतपूजनाच्या वेळी मंचामागे दिव्यांची झगमगती भिंत होती. तिच्यापुढची माणसे मात्र नुसत्या सावल्या झालेली. नवरीची आजी कोणती, हेही सांगावे लागते.

असे का होते? स्वयंचलित कॅमेरा समोरच्या एकूण उजेडाचा अंदाज घेतो. मागे प्रखर दिवे दिसले, की आत येणारा प्रकाश तो कमी करतो. दिवे छान दिसतात, चेहरे बुडतात.

मग कोणीतरी संगणकावर बसून ‘ब्राइटनेस’ वाढवतो. त्याने चेहरा थोडा उजळतो, पण काळे केस राखाडी होतात, शालूचा रंग विटतो आणि सगळ्या चित्रावर धुके पसरते. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये याहून चांगली सोय असते. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही लिफ्ट, गॅमा आणि गेन अशी वेगवेगळी चक्रे आहेत. लिफ्टचा परिणाम मुख्यतः गडद भागावर होतो, गेनचा उजळ भागावर, तर गॅमाचा मधल्या छटांवर. आधी गॅमा वाढवावा, मग केसांचा काळेपणा परत येईल इतपत लिफ्ट किंचित उतरवावी. एकच चेहरा अंधारात असेल तर त्याच्याभोवती गोल आखून तेवढाच भाग उजळता येतो. चेहरा हलला तर गोलही त्याच्यामागे जाईल अशी व्यवस्था करता येते. काम वेळखाऊ आहे, पण फरक पाहण्यासारखा असतो.

मात्र यालाही मर्यादा आहे. ८ बिटच्या नेहमीच्या चित्रीकरणात प्रत्येक मूळ रंगाच्या जास्तीत जास्त २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. अंधारातल्या चेहऱ्याच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात. त्या फार ताणल्या की गालावर पट्टे उमटतात, ठिपके सळसळू लागतात. ठिपके घालवायचा अतिरेक केला, तर माणूस मेणाचा दिसतो.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हरवलेला तपशीलही भरून देतात. पण तो त्यांचा अंदाज असतो. आजीच्या गालावरचे देवीचे वण कॅमेऱ्याने टिपलेच नसतील, तर तेथे गुळगुळीत गाल येईल. चेहरा सुंदर दिसेल, पण तो आजीचा नसेल. हौसेला ते ठीक. जपून ठेवायच्या प्रतीत नको.

व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत उजळण्याच्या भानगडीत पडू नये. फाइल लहान करताना गडद भागातले बारकावे आधीच गेलेले असतात. छायाचित्रणवाल्याकडून न कापलेले मूळ चित्रीकरण मागून घ्यावे आणि काम त्याच्या नकलेवर करावे. मागणी लवकर केलेली बरी. लग्नसराईत पुढच्या कामासाठी जागा लागते आणि जुन्या फाइली पुसल्या जातात.