कार्बुरेटरचा पेच फिरविण्यापूर्वी

ग्रामसेवकाची गावफेरी असो, की शेतकऱ्याला सकाळचे दूध वेळेवर केंद्रावर पोहोचवावयाचे असो, खेड्यातील पुष्कळसे काम आज मोटारसायकलवर अवलंबून आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत इंधन फवारणारी विद्युत्-नियंत्रित यंत्रणा आली. तथापि त्यापूर्वीच्या अनेक गाड्या अद्याप कार्बुरेटरवरच चालतात. गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागली, की प्रथम कार्बुरेटरचा पेच फिरविण्याची सवय सर्वत्र आढळते. ती हानिकारक आहे.

कार्बुरेटरचे कार्य हवा व पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे हे होय. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाल्यास काळा धूर निघतो व इंधन वाया जाते. ते कमी पडल्यास इंजिन ठसकते व फाजील तापते. असेच चालू ठेवल्यास पिस्टन खराब होण्याचा संभव असतो.

दोष कोणता हे स्पार्क प्लग सांगतो. त्याच्या टोकाचा रंग तपकिरी असल्यास मिश्रण ठीक समजावे. कोरडी काळी काजळी बहुधा जास्त पेट्रोलची, तर पांढुरका रंग कमी पेट्रोलची खूण होय.

पेचाला हात लावण्यापूर्वी हवेची गाळणी साफ करावी. ती धुळीने तुंबली म्हणजे हवा कमी पडते. कार्बुरेटर व इंजिन यांमधील रबरी जोडास चीर नाही ना, हेही पाहावे. चिरेतून जादा हवा आत शिरते.

त्यानंतर पुढीलप्रमाणे जुळवणी करावी :

(१) गाडी चार-पाच किलोमीटर चालवून इंजिन गरम करावे व चोक बंद असल्याची खात्री करावी. मग इंजिन थांबवावे.

(२) मिश्रणाचा पेच हलक्या हाताने पूर्ण आत घ्यावा, किती फेरे झाले ते लिहून ठेवावे आणि पेच पूर्वस्थितीत आणावा. जोराने आवळल्यास त्याचे टोक बिघडते.

(३) इंजिन पुन्हा सुरू करून मंद गतीवर ठेवावे. पेच पाव-पाव फेरा फिरवून इंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालेल ती जागा शोधावी. नंतर गतीच्या पेचाने वेग पूर्ववत कमी करावा.

हवागाळणीच्या बाजूचा पेच आत घेतल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूचा आत घेतल्यास ते कमी होते.

हा पेच मुख्यतः मंद गतीपुरताच असतो. रस्त्यावरील वेगात पेट्रोलचे प्रमाण सुई व मुख्य जेट यांवर ठरते; म्हणून पेच आवळून पेट्रोल वाचत नाही. जेटचे काम माहितगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवावयाची असल्यास कार्बुरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. हे काम उघड्या जागी, इंजिन थंड असताना व विस्तवापासून दूर करावे. बंद गोठ्यात वा खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो.