गोंदिया ते चिपी १ तास ४० मिनिटं? हा आकडा येतो कुठून?

गोंदियाचा बिरसी विमानतळ ते सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ हे अंतर एखाद्या वेबसाइटवर शोधलंत, तर साधारण असं उत्तर येईल: ९४० किमी, १ तास ४० मिनिटं. मग थेट विमान आहे का? ते हा आकडा सांगतच नाही.

वेबसाइट फक्त दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेते आणि पृथ्वी गोल धरून त्यांच्यातलं सर्वात कमी अंतर काढते. वेळेसाठी बहुतेकदा ताशी ८०० किमीच्या आसपास वेग धरतात. म्हणजे ९४० किमीला ७० मिनिटं, टेक-ऑफ आणि लँडिंगसाठी वर अर्धा तास. झाला हिशोब!

पण छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखी पंख्यांची विमानं येतात. त्यांचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणजे हवेतच जवळपास दोन तास. थेट विमान नसेल तर मधल्या शहरात थांबून दुसरं विमान पकडायचं. विमानतळापर्यंतचा रस्ता वेगळाच.

त्यामुळे लग्नकार्य किंवा डॉक्टरांची अपॉइंटमेंट ठरवताना हा आकडा धरू नका. आधी एअरलाइनच्या वेबसाइटवर त्या तारखेचं वेळापत्रक बघा. छोट्या मार्गांवर विमान रोज असेलच असं नाही.