जुनी बोट घेताना : तळ कोरडा बघा, इंजिन पाण्यात

मालवण-तारकर्लीपासून मुरुडपर्यंत कुठल्याही बंदरावर चौकशी केली, तर एखादी वापरलेली फायबरची बोट विकायला असतेच. थोडी मासेमारी, थोडं स्कूबा डायव्हिंग, सुट्टीत बंपर राइड अशा मिश्र कामासाठी आपण अशी बोट बघत असाल, तर एक गोष्ट आधीच ठरवा : एका भेटीत सौदा पुरा करायचा नाही. तळ जमिनीवर तपासायचा असतो, इंजिन पाण्यात, आणि कागद घरी निवांत बसून.

काम ठरवा. मासेमारीला मोकळा डेक, जाळी ओढायला जागा आणि बर्फाचा कप्पा लागतो. डायव्हिंगला बोटीची कड पाण्यापासून फार उंच नको, आणि प्रोपेलरपासून दूर, पाण्यात खोलवर जाणारी मजबूत शिडी हवी. हवेचं भरलेलं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर सुमारे १७ किलोचं असतं; सहा पाणबुडे म्हणजे १०० किलो नुसती सिलिंडरंच. राइड ओढायची तर इंजिनात ताकद आणि दोर बांधायला बोटीच्या सांगाड्यात घट्ट बसवलेला खांब पाहिजे. तिन्ही कामं सारखीच उत्तम करणारी बोट मिळत नाही. मुख्य काम कोणतं ते ठरवा आणि बाकीच्या कामांसाठी तडजोड करा.

वेळ साधा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. तळ बघायला याहून चांगला काळ नाही. पण या दिवसांत बोट समुद्रात चालवून बघता येत नाही. म्हणून पावसाळ्यात फार तर विसार द्या, आणि ‘पाण्यातली चाचणी समाधानकारक झाल्यावरच उरलेली रक्कम’ असं लेखी घ्या.

तळ तपासा. बोटीखाली वाकून नाळेपासून मागपर्यंत हात फिरवा. वाळूवरून वर्षानुवर्षं ओढल्यामुळे तळाचा मधला कणा झिजतो आणि काचेच्या धाग्यांचं कापड उघडं पडतं. तिथून पाणी आत मुरतं. बाहेरच्या गुळगुळीत थराला जेलकोट म्हणतात. त्यावर फोड दिसले तर एक टोचून बघायची परवानगी मागा. आतून आंबूस वासाचं पाणी आलं, तर ओल थरांत शिरली आहे. एका बिंदूभोवती चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा बहुधा आपटल्याच्या खुणा असतात. लांब, सरळ भेगांना जास्त घाबरावं, कारण तिथे सांगाड्यावर ताण येत असतो.

मग हातोडीच्या दांड्याने हलके ठोके देत जा. पिकलेल्या फणसासारखा बद्द आवाज आला, तर तिथले थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. अगदी ताज्या रंगाची बोट असेल, तर हे ठोके दुप्पट काळजीने द्या.

ट्रान्समवर वेळ घालवा. इंजिन ज्या मागच्या उभ्या भागावर टांगलेलं असतं, तो ट्रान्सम. बऱ्याच बोटींत त्याच्या आत प्लायवूड असतं, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन थोडं वर उचलून खालच्या टोकावर वजन द्या आणि ट्रान्समकडे बघत राहा. तो लवला, किंवा बोल्टाशेजारून तपकिरी पाणी पाझरलं, तर दुरुस्ती मोठी आहे. नवखे खरेदीदार सर्वाधिक फसतात ते इथेच, कारण त्यांचं सगळं लक्ष इंजिनाच्या चकाकीकडे असतं.

इंजिन थंड असताना गाठा. पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा. गरम लागलं, तर आपण येण्याआधी कुणीतरी ते चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती सहज सुरू होतं हे आता कळणार नाही, पुन्हा या. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. ते दुधाळ असेल, तर सील गेलंय आणि पाणी आत जातंय. या इंजिनाचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का, हेही त्याच मेकॅनिकला विचारा.

पाण्यात चालवा. इंजिन सुरू होताच मागून पाण्याची बारीक, सलग धार पडली पाहिजे. ती थंड करणारं पाणी फिरत असल्याची खूण आहे. आपण खरोखर नेणार आहात तेवढं वजन चढवा आणि पूर्ण वेग द्या. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांचे फेरे पूर्ण वेगात मिनिटाला ५ ते ६ हजारांच्या घरात असतात. नेमका पल्ला कंपनीच्या पुस्तिकेत बघा. त्याच्या खूप खाली राहिले, तर प्रोपेलर चुकीचा आहे किंवा इंजिन थकलंय. परतल्यावर तळात साचलेलं पाणी बघा आणि ते उपसणारा पंप चालवून घ्या.

कागद वाचा. इंजिनावरचा क्रमांक आणि बोटीवरचा नोंदणी क्रमांक कागदांशी ताडून पाहा. बँकेचं किंवा मच्छीमार सोसायटीचं कर्ज फिटल्याचा दाखला मागा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा असतो. त्यावर पर्यटक नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी परवानगी लागते. ती या बोटीला मिळू शकेल का, हे विसार देण्याआधी बंदर कार्यालयात विचारा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे कुठे काय करता येतं हेही समजून घ्या.

माणसं मोजा. मे २०२२ मध्ये तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. बोट किती माणसांसाठी मंजूर आहे हे कागदावर बघा आणि तो आकडा गर्दीच्या दिवशीही मोडू नका. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवंच, मुलांच्या मापाचीही हवीत.

पैसे राखून ठेवा. सगळी रक्कम बोटीत घालू नका. शिडी, वायरिंग, पंप, जॅकेट, विमा यांचा खर्च पहिल्याच हंगामात येतो. आणि विकणारा पाण्यातली चाचणी टाळू लागला, तर कितीही कमी भाव सांगितला तरी तो सौदा सोडून द्या. कामाची बोट थोडं थांबल्यावर मिळते.