आजीने लपविलेले गाव

शाळेत कुणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले, की ऑस्ट्रेलियातील एक मुलगी सांगत असे, ‘भारतातले.’ घरून तसेच शिकविले होते. मुलीचे नाव सॅली मॉर्गन. जन्म १९५१, पर्थ शहर. भारताशी या घराचे काहीही नाते नव्हते! वडील गोरे, सॅली नऊ वर्षांची असताना वारले. आई ग्लॅडिस आणि आजी डेझी यांनी पाच मुले कष्टाने वाढविली. आपण आदिवासी रक्ताच्या आहोत, हे सॅलीला पंधराव्या वर्षी कळले.

मग खोटे का सांगितले? भीतीपोटी. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ चा कायदा होता. त्यानुसार १६ वर्षांखालील आदिवासी व मिश्र रक्ताच्या मुलांची कायदेशीर पालक आई नव्हे, तर सरकारी अधिकारी असे. फिकट रंगाची मुले आईपासून तोडून नेत. डेझीचीही आईपासून ताटातूट झाली. पर्थला गोऱ्यांच्या घरी ती मोलकरीण झाली. पुढे तिच्या लेकीचे बालपणही अनाथाश्रमात गेले. सरकारी माणूस दारात दिसला की म्हातारपणीही तिला धडकी भरे.

सॅलीने मात्र पिच्छा सोडला नाही. आधी आजीचा भाऊ आर्थर बोलला. १९८२ साली सॅली आईसह उत्तरेला पिलबारा भागात, आजीच्या जन्मस्थळी कोरुना डाउन्सला गेली. तिथल्या म्हाताऱ्यांनी नाती जुळवून दिली, ही आमचीच माणसे म्हणून जवळ घेतले. त्यानंतर आई बोलली आणि अखेरीस आजीही. १९८३ साली आजी गेली. काही गोष्टी तिने सोबतच नेल्या. १९८७ साली या सर्वांच्या कहाण्या ‘माय प्लेस’ या पुस्तकात आल्या. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी हिरावलेल्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली.

आम्हाला ही कथा परकी वाटली नाही. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव लपविणारी, ‘कुणी विचारले तर सांगू नकोस’ असे लेकरांना बजावणारी माणसे आपल्यातही आहेत. त्यांना नावे ठेवण्याआधी त्यांना भीती कुणी घातली, ते आपण विचारू या.

आणि एक करा. घरात आजी-आजोबा असतील तर या रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. गाव कोणते, का सोडले, कुणाकडे राबलात, विचारा. ती बोलणार नाहीत, पुन्हा विचारा. डेझीही शेवटी बोललीच ना!