काटा खोटा की अर्थ खोटा? जुन्या जीप-ट्रॅक्टरच्या वायरिंगविषयी



ऊस विकास खात्याने बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या यांवर लिहावे. गाडीच्या तारांशी आमचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. संबंध आहे. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. पुढे वजन घटते आणि उताराही घसरतो. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीच्या गोदाकाठच्या शिवारातून निघालेली खेप रस्त्यात अडते, ती दर वेळी मोठ्या बिघाडाने अडते असे नाही. पुष्कळदा निसटलेली एखादी तार किंवा खोटे बोलणारा एखादा काटा त्यामागे असतो. टोळी फडात बसून राहते, ट्रॉलीतला ऊस वाळतो आणि नुकसान मात्र सभासदाचे होते.

आपल्या भागात जुने वाहन टाकून द्यायची रीत नाही. महिंद्राची जुनी जीप, मॅसी, एचएमटी अजून कामावर आहेत. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्यामुळे मूळचे मीटर मिळणे अवघड झाले आहे. दुकानदार ‘हे बी चालतंय’ म्हणून दुसरे देतो, आणि ते बसवल्यावर काटा भलतेच दाखवतो. कारण मीटर आणि त्याला खबर देणारा युनिट ही जोडी असते. एका जोडीचा मीटर आणि दुसऱ्या जोडीचा युनिट यांचे पटत नाही. म्हणून आमचे सांगणे आहे की मीटर बदलणे हा शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे.

आधी वीज फिरते कशी ते पाहू. घरात दिव्याला दोन तारा लागतात, गाडीत मात्र एकच दिसते. दुसरी तार म्हणजे गाडीचे लोखंड. बॅटरीचे एक टोक बॉडीला जोडलेले असते, बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह. डायनामो असलेल्या काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्हसुद्धा असते, तेव्हा पाहून घ्यावे. दिव्यातून, मीटरमधून गेलेली वीज लोखंडातूनच बॅटरीकडे परतते. मिस्त्री ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो हाच परतीचा रस्ता. गाडी नवी असते तेव्हा तो मोकळा असतो. वीस-पंचवीस पावसाळे गेले, काळ्या मातीचा चिखल बोल्टात बसला, गंज चढला, त्यावर कोणी हौसेने रंगाचा हात मारला, की परतीची वाट बुजते. पाटाचे पाणी शेतात सोडले पण चारी बुजलेली असली तर जे होते तेच इथे होते. वीज अडते, नाहीतर भलत्याच वाटेने जाते.

भलती वाट ओळखायची एक खूण आहे. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली, तर इंजिन आणि चासी यांमधली अर्थची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली आहे असे समजावे. सेल्फची सारी वीज त्या बारीक केबलीतून परतत असते. अशा वेळी लोक बॅटरी बदलतात, सेल्फ उघडतात. पट्टीकडे कोणी बघत नाही.

तपासणीला फार सामान लागत नाही. बारा व्होल्टचा एक लहान बल्ब, होल्डर, दोन तारा, एका टोकाला चिमटा. एवढ्यावर निम्मे काम होते. चिमटा चांगल्या अर्थला लावायचा आणि दुसरे टोक जिथे वीज यायला हवी तिथे टेकवायचे. बल्ब लागला तर वीज तिथवर येते आहे. मल्टीमीटर असेल तर उत्तमच. त्याचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारून पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थ साफ करायला घ्यावा. काम सुरू करताना बॉडीला जोडलेली केबल आधी काढावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

आता मीटर. पहिला प्रश्न असा विचारावा की एकच मीटर बिघडला आहे की सगळे? सगळे एकदम मेले असतील तर फ्यूज किंवा स्विचकडून येणारी तार पाहावी. डिझेल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकाच वेळी नेहमीपेक्षा वर दाखवू लागले, तर ज्या गाड्यांत मीटरमागे व्होल्टेज आवरणारी छोटी डबी असते त्या डबीचा अर्थ सुटलेला असू शकतो. मीटर दोन्ही चांगले असतात. एकच मीटर गेला असेल तर त्याच्या युनिटकडे जावे.

डिझेलचा काटा घ्या. टाकीत तरंगणारा गोळा असतो, तो वरखाली झाला की युनिटमधला अडथळा कमीजास्त होतो. चावी लावून टाकीवरची तार सोडवा आणि दोन-तीन सेकंदच स्वच्छ बॉडीला टेकवा. जास्त वेळ धरू नका, आतली तापणारी तार जळते. पेट्रोलची गाडी असेल तर टाकीजवळ ठिणगी पाडायची नाही; जादा तार जोडून दूर टेकवावे. बहुतेक गाड्यांत काटा ‘फुल’कडे धावतो, काहींत उलट जातो. हलला म्हणजे मीटर आणि तार दोन्ही शाबूत. मग टाकीच्या युनिटपासून चासीपर्यंत एक वेगळी तार लावून बघा. काटा बरोबर दाखवू लागला तर टाकीचा अर्थ खोटा होता. टाकी रबरावर बसवलेली असते, त्यामुळे हे फार वेळा घडते. काटा हललाच नाही तर हीच परीक्षा मीटरच्या पाठीमागे करावी. तिथे हलतो आणि टाकीपाशी हलत नाही, म्हणजे मधली तार तुटली. उसाच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाडीत हे काम बहुधा उंदरांचे असते.

टेंपरेचरच्या विजेच्या मीटरचीही रीत हीच. तार काढली की काटा थंडावर, बॉडीला टेकवली की गरमावर. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. युनिट बसवताना आट्यांवर पांढरी टेप जाड गुंडाळली तर त्याचा अर्थच तुटतो, आणि इंजिन तापले तरी काटा थंड दाखवतो. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. रेडिएटरचे पाणी गळून गेले की युनिट पाण्याबाहेर पडतो आणि वर चढलेला काटा एकाएकी खाली येतो. ड्रायव्हरला वाटते गाडी थंड झाली. खरे तर इंजिन धरायची वेळ आलेली असते. काटा चढून अचानक पडला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. काही ट्रॅक्टरांत हा मीटर विजेचा नसतोच, मीटरपासून इंजिनपर्यंत तांब्याची बारीक नळी असते. ती वाकून मोडली तर दुरुस्ती नाही, नवाच घ्यावा.

ऑईलचा तांबडा दिवा रोज सकाळी बघायची सवय ड्रायव्हरला लावा. चावी लावली, इंजिन बंद आहे, तर दिवा लागलाच पाहिजे; इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. ‘आमच्या गाडीचा दिवा कधीच लागत नाही’ असे काहीजण कौतुकाने सांगतात. बल्ब उडालेला असतो हो! ऑईल संपले तरी तो लागणार नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बापायी क्रँक बदलावी लागते.

अँपिअर मीटरचे थोडक्यात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट दिसावेत. साडेबाराच राहत असतील तर चार्जिंग होत नाही. अल्टरनेटर काढण्याआधी पट्टा ढिला आहे का आणि टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली आहे का, ते पाहून घ्यावे. भुकटी कोमट सोडापाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावले म्हणजे झाले.

फ्यूज उडाला की त्या जागी सिगारेटची चांदी किंवा तारेचा तुकडा घालण्याची खोड अजून गेलेली नाही. फ्यूज उडतो तो तार जळू नये म्हणून. तो अडवला तर तार तापते, तिचे प्लास्टिक वितळते. आणि मागे दोन ट्रॉल्या उसाच्या, वरून वाळले पाचट लोंबते आहे! त्याला एक ठिणगी पुरते. परभणीच्या उन्हाळ्यात जुन्या तारांचे आवरण कडक होऊन तडकते. हंगामाआधी अशा तारा बदलाव्यात. हेडलाईटला जाड तार हवी, मीटरला बारीक चालते. घरातली एकसुरी कडक तार गाडीत घालू नये, हादऱ्याने ती मोडते. बारीक पदरांचीच तार घ्यावी.

शेवटी ट्रॉलीचे दिवे. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळण्याऐवजी मंद होतो, किंवा इंडिकेटर लावला की दुसरेच दिवे लुकलुकतात, अशी तक्रार ऐकू येते. हाही अर्थचाच खेळ. ट्रॉलीचा अर्थ हूक आणि खिळीतून येतो असे धरलेले असते. तिथे ग्रीस आणि धूळ. वीज परत जायला वाट शोधत दुसऱ्या बल्बातून निघते. सात पिनांच्या सॉकेटातली एक पिन अर्थसाठी असते. तिच्यातून वेगळी तार काढून ट्रॉलीच्या चासीला, रंग खरवडून, पक्की बोल्टाने बांधावी. दुसरी ट्रॉली असेल तर तीच तार पुढे तिच्यापर्यंत न्यावी. मागच्या ट्रॉलीला दिवाच नसतो असे बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला समोर नुसता अंधार दिसतो, ऊस दिसत नाही. दिवा आहेच, पण त्यावर पाचट लोंबत असेल तर तेही कापून टाकावे. लाल परावर्तक पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, उसाच्या मोळ्यांखाली झाकणार नाही अशा उंचीवर लावावी.