कळलावी: ट्यूलिप नव्हे, बाळंतपणाचं औषध तर नव्हेच

पावसाळा भरात आला की धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या उतारांवर, ओढ्याकाठच्या झुडपांत, शेताच्या कुंपणात कळलावी फुलते. सहा नागमोडी पाकळ्या. आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर दरवर्षी तोच सल्ला: बाई अडली तर कंद उगाळून ओटीपोटावर लावा, थोडा पोटातही द्या, सुटका लवकर होते. झाडपाला आहे, अपाय काही नाही.

अपाय आहे, आणि तो जीवघेणा आहे. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असतं. ते पेशींचं विभाजनच थांबवतं. त्यामुळे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांना पहिला फटका बसतो. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अवयव निकामी होऊ शकतात; वाचलेल्या रुग्णांचे केसही गळतात. श्रीलंकेत खाण्याचा कंद समजून हा कंद खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

‘आयुर्वेदात सांगितलंय’ हे उत्तर ठरलेलं. पण आयुर्वेदाने लांगलीला, म्हणजे याच वनस्पतीला, उपविषांत घातलं आहे आणि शोधनाशिवाय (शुद्धीकरणाशिवाय) ती वापरायची नाही असं बजावलं आहे. तेवढं मात्र कुणी पुढे पाठवत नाही! तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात हेही खरं. त्या बियांतून काढलेलं कोल्चिसिन गाउटच्या रुग्णाला मिलिग्रॅमच्या हिशेबात देतात. उगाळलेल्या कंदात ते किती उतरलं, हे कोण मोजणार?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘हे आपलं रानटी ट्यूलिप.’ नाही. गण एक, कूळ वेगळं. रानटी ट्यूलिप थंड डोंगराळ मुलखातली. भारतात ती पश्चिम हिमालयात आढळतात.

‘घरात ठेवली की भांडणं लागतात.’ फुलामुळे भांडण होत नाही. लहान मुलं आणि जनावरं असतील तिथे मात्र ती नकोच.

‘इथल्या उजाड माळावर दुसरं काय उगवणार?’ वि. ना. नाईक यांनी 1979 मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

विषारी म्हणून रानातली वेल उपटू नका. बघा, फोटो काढा. पण बाई अडली किंवा कुणाच्या पोटात कंद गेला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.