सहरीचा सल्ला कुणाचा?

सहरीला काय खायचं, हे पूर्वी घरातली नानी ठरवायची. आता पाचगणीसारख्या गावातही जिमचा ट्रेनर ठरवू लागलाय. भाकरी बंद, प्रोटीन पावडर सुरू. इफ्तारच्या ताटातून खजूर आणि इथली स्ट्रॉबेरीसुद्धा बाद! त्याचा शब्द चालतो, कारण त्याचं कमावलेलं शरीर समोर दिसतं.

पण भिंतीवरचं प्रमाणपत्र बहुधा व्यायामाचं असतं. पोषणाचे काही कोर्स तर थोड्या आठवड्यांत उरकतात. ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ व्हायला आहारशास्त्राचं शिक्षण, रुग्णालयातली उमेदवारी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा लागते. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्येच सांगितलंय.

व्यायाम इफ्तारनंतर आणि हलका करा, रात्रभर थोडंथोडं पाणी प्या, एवढं ट्रेनरने खुशाल सांगावं. समोरच्याला मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल, तर मात्र तिथेच थांबावं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना सहरी कापली, तर दुपारी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. अशा वेळी रोजा मोडायला शरियतचीही मुभा आहे. डोस बदलायचा तर तो डॉक्टरांनीच, आणि शक्यतो रमजान लागण्याआधी.